आजीला जागा ठाऊक आहे, तोवर नोंद करून घ्या

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

दिवेलागणीला मसणवट्याचं नाव काढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आज मी ते काढणार आहे. कारण दोन-तीन बचत गटांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: आमच्या आजीला, पणज्याला माती कुठं दिली, ती जागा घरात एकाच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे. ते माणूस गेलं की आम्ही कुणाला विचारायचं?

कुणी म्हणेल, आपल्यात तर जाळतात, थडगी आली कुठली? पण जरा गावात नजर फिरवा. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत दफन करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लिंगायतांमध्ये बसवून समाधी देतात. गोसावी, नाथपंथी यांच्यात समाधी असते. कितीतरी आदिवासी गावांत पुरण्याची रीत आहे. आणि जाळणाऱ्या घरांतसुद्धा तान्हं मूल गेलं तर त्याला पुरतात, ओढ्याच्या काठाला नाहीतर शेताच्या बांधाला. त्यावर दगड नसतो, नाव नसतं. ती जागा त्याच्या आईला ठाऊक असते आणि फार तर तिच्या सासूला. म्हणजे बघा, थडगं नाही असं घर गावात शोधूनही सापडणार नाही.

आता म्हातारं माणूस जागा कशी सांगतं? "नदीच्या अंगाला मोठी चिंच आहे ना, तिच्या सावलीला. तिथून बाभळीकडं दहा पावलं." हे सांगणं चुकीचं नसतं. चाळीस वर्षांपूर्वी ते अगदी बरोबर होतं. पण चिंच रस्ता रुंद करताना गेली, बाभूळ कुणीतरी सरपणाला तोडली, बांध जेसीबीनं सपाट झाला. काही गावांत तर अख्खी नदीच बदलली. उजनी धरण झालं तेव्हा भीमेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजही उघडं पडतं. देऊळ दगडाचं, म्हणून ते ओळखू येतं. त्याच काठावरची मातीची थडगी कशी ओळखू येणार? सगळीकडे सारखाच गाळ.

खुणा बदलतात, पण पृथ्वीवरची जागा काही हलत नाही. त्या जागेला दोन आकडे असतात. ते आकडे एकदा लिहून ठेवले की चिंच पडो, बांध मोडो, माणूस त्या जागेच्या जवळ परत पोहोचतं. हे आकडे काढायचं साधन आपल्या कमरेला, पिशवीत रोज असतं. आणि ते आपण वापरलेलंही आहे. घरकुलाचं बांधकाम जोत्यापर्यंत आलं की साहेब येऊन फोटो काढतात, त्याला जिओ टॅगचा फोटो म्हणतात. ई-पीक पाहणीला शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, घरी बसून चालत नाही. का? कारण फोन आपण कुठं उभे आहोत ते ओळखतो. तेच हे जीपीएस.

फोनला हे कसं कळतं, ते थोडक्यात सांगते, कारण ते समजलं की पुढं कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही हेही समजतं. पावसाळ्यात वीज चमकली की आपण मोजतो, एक, दोन, तीन, आणि मग गडगडाट येतो. जितका उशीर, तितकी वीज लांब. तसंच आहे हे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. पूर्ण पृथ्वीला पुरायला कमीत कमी २४ लागतात. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो, "मी इथं आहे, आत्ता अमुक वेळ झाली आहे." तो संदेश आपल्या फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. एका उपग्रहापासूनच्या अंतरावरून काही कळत नाही. पण चार उपग्रहांचं ऐकू आलं की फोनला आपली जागा सांगता येते. जशी तीन-चार खुंट्यांना दोऱ्या बांधून ताणल्या तर सगळ्यांची टोकं एकाच ठिकाणी जुळतात, तसं.

हे उपग्रह अमेरिकेनं आपल्या सैन्यासाठी सोडले. ही व्यवस्था १९९५ मध्ये पूर्ण झाली. सामान्य लोकांना मिळणारा संदेश ते मुद्दाम थोडा बिघडवून देत, तो प्रकार २००० च्या मे महिन्यात बंद झाला, आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही नीट जागा सांगता येऊ लागली. आपल्या इस्रोनंही नाविक नावाची स्वतःची व्यवस्था उभी केली आहे आणि अलीकडच्या काही फोनना तिचाही संदेश मिळतो.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. फोन उपग्रहाचं फक्त ऐकतो, त्याला काही पाठवत नाही. म्हणून जागा ओळखायला रेंज लागत नाही, पैसे लागत नाहीत. डोंगरात, रानात, जिथं टॉवरची एक काडी नाही तिथंही आकडे मिळतात. नेट नसेल तर पहिल्यांदा थोडा जास्त वेळ लागतो आणि पाठीमागचा नकाशा दिसत नाही, इतकंच. आणि उपग्रहाचं ऐकू येण्यासाठी डोक्यावर आकाश मोकळं हवं. दाट वडाखाली, घळीत, उंच भिंतीला चिकटून उभं राहिलं तर फोन गोंधळतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. फोनचं लोकेशन चालू करा. गुगल मॅप्स उघडा. आपण उभे आहोत तिथं निळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं, ते नीट बघा. वर्तुळ मोठं म्हणजे फोन अजून अंदाजानं बोलतोय. दोन-तीन मिनिटं एका जागी शांत उभ्या राहा. वर्तुळ लहान होत जातं. मग ठिपक्यावर बोट दाबून धरा. लाल खूण उमटते आणि दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. समजा, १८.१२३४५ आणि ७४.५४३२१. हे वहीत लिहा. पेननं लिहा, फक्त फोनच्या भरवशावर राहू नका, कारण फोन पाण्यात पडतो, पोराच्या हातून फुटतो.

टिंबानंतरचे किमान पाच आकडे लिहायचे, हे मी मुद्दाम दोनदा सांगते. किमान पाच. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. चारच लिहिले तर अकरा मीटरचा फरक पडू शकतो. आणि कंटाळा करून दोनच लिहिले तर किलोमीटरभर भटकत बसाल.

आकडे बरोबर आहेत का, हे घरबसल्या तपासायची एक सोपी युक्ती आहे. आपल्या महाराष्ट्रात कुठंही गेलात, चंदगडपासून नंदुरबारपर्यंत आणि पालघरपासून गडचिरोलीपर्यंत, तर पहिला आकडा १५ ते २२ च्या आसपास येणार आणि दुसरा ७२ ते ८१ च्या मधे. पहिला मोठा आणि दुसरा लहान आला तर लिहिताना उलटापालट झाली समजा. वर दिलेलं उदाहरण उलटं लिहिलं तर फोन तुम्हाला पणजीच्या समाधीऐवजी नॉर्वेच्या पलीकडे बर्फाळ समुद्रात नेऊन सोडेल!

जीपीएस मॅप कॅमेरा हे ॲप पुष्कळ जणींच्या फोनमध्ये असतं. रोजगार सेवक, आशाताई, बचत गटाच्या सीआरपी ते वापरतात. त्यात फोटोवरच आकडे छापून येतात, त्यामुळे काम सोपं होतं. मात्र त्या फोटोवर पत्ताही छापलेला असतो आणि तो कधी कधी शेजारच्या गावाचा असतो. पत्त्याकडे लक्ष देऊ नका, आकडे बघा. आणखी एक, कॅमेऱ्याच्या साध्या फोटोतही आकडे आत लपलेले असतात, पण तो फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते गळून जातात. पुण्या-मुंबईच्या भावाला फोटो पाठवलाय, आता त्याच्याकडे जागेची नोंद आहे, असं समजू नका. आकडे वेगळे टाइप करून पाठवा.

इथपर्यंत सगळं फोनचं कौतुक झालं. आता त्याची मर्यादा सांगते, आणि माझ्या मते आजच्या बोलण्यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. झाडीत त्याहून जास्त. थडगं सहा फुटांचं. तान्ह्या बाळाचं तर दोन हातांचं. म्हणजे फोन तुम्हाला अंगणापर्यंत आणून सोडतो, उंबरा दाखवत नाही. शेवटची दहा पावलं फोनला येत नाहीत. ती म्हातारीलाच येतात.

म्हणून आकड्यांबरोबर तिचे शब्द लिहायचे. आणि जवळच्या न हलणाऱ्या दोन वस्तूंपासून टेप लावून अंतर मोजायचं. झाड नको, झाड जातं. विहिरीचं कठडं, देवळाचा कोपरा, पुलाची भिंत, बंधाऱ्याचा सांडवा, असं काहीतरी पक्कं बघा. दोनच का? कारण एका खुंटीला दोरी बांधली तर तिचं टोक गोल फिरत राहतं, दुसरी दोरी जोडली की जागा ठरते. उपग्रहाचंच गणित, फक्त आपण ते टेपनं करायचं.

माझ्या सासूबाईंचं सांगते. बहात्तरच्या दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होत्या. पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन तिथंच गेली, जुलाबानं. कामावरच्याच दोन बायकांनी मिळून पुरली. दुसऱ्या दिवशी सासूबाई परत खडीवर. घरी कुणी हा विषय काढला नाही. माझ्या नवऱ्याला आपल्याला थोरली बहीण होती हे पन्नाशीत कळलं. बाळाचं बारसं झालं होतं, तिला नाव होतं. ते कुठल्याही कागदावर नाही.

आम्ही त्यांना घेऊन तलावावर गेलो. पन्नास वर्षांत सगळं बदललेलं, वेड्या बाभळी माजलेल्या. त्या म्हणाल्या, "सांडव्याच्या भिंतीपाशी आम्ही लुगडी वाळत घालायचो. भिंतीपासून वरच्या अंगाला एकापुढं एक दोन लुगडी पसरली की दुसरीचा पदर जिथं येईल तिथं." नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. दोन लुगडी चोपन्न फूट. सांडव्याची भिंत तशीच होती. टेप धरली, चोपन्न फुटांवर गेलो. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, दोन पावलं डावीकडं सरकल्या आणि खाली बसल्या. तिथं फोन धरून आकडे घेतले. वहीत आकड्यांखाली मी त्यांचंच वाक्य लिहिलं, लुगड्यासकट. कुणा सरकारी माणसाला ते वाक्य हसण्यासारखं वाटेल. पण त्या जागेचं त्याहून अचूक वर्णन दुसरं कुठलंच नाही.

इथं एक अडचण येते, ती नाकारण्यात अर्थ नाही. बऱ्याच घरांत बायका मसणवट्यात, दफनभूमीत जात नाहीत. नवी सून तर नाहीच. मला विचाराल तर ज्या बाईनं जन्मभर त्या जागेची आठवण सांभाळली, तिला तिथं उभं राहण्याचा हक्क आहे. पण प्रत्येकीच्या घराची रीत वेगळी, आणि भांडण काढून हे काम होत नाही. भाच्याला, नातवाला फोन घेऊन आत पाठवा, आजी बांधावर उभी राहून हात करील. पाय चालत नसतील तर व्हिडिओ कॉल लावा. "पुढं हो, अजून पुढं, हां, तो दगड," असं घरात बसूनही सांगता येतं. आणि दुसऱ्या समाजाच्या, दुसऱ्या भावकीच्या जागेत जायचं असेल तर आधी तिथल्या जाणत्यांना विचारा. कब्रस्तानात मुजावरला, चर्चच्या दफनभूमीत फादरना, आदिवासी गावात गायत्याला, भूमियाला. फोन हातात आहे म्हणून कुठंही शिरायचं नाही.

म्हाताऱ्या माणसाला विचारायची पण पद्धत असते. "थडगं कुठं आहे?" असं विचारलं तर ती म्हणते, "तिकडं." त्यापेक्षा विचारा, "माती द्यायला कोण कोण होतं? पाऊस होता का? कुठल्या वाटेनं नेलं? वाटेत कुठं खांदा बदलला?" दिवस आठवला की जागा आठवते. तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण तिला सांगून. आणि तिनं रडायला सुरुवात केली तर रेकॉर्डिंग बंद करून पाणी द्या. वही कुठं पळून जात नाही.

वहीत काय लिहायचं? माणसाचं नाव, बाई असेल तर सासरचं आणि माहेरचं दोन्ही. कुणाची कोण. गेल्याचं साल, साल माहीत नसेल तर खूण: बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी, धाकट्याच्या लग्नाच्या आधी. आकडे, ते घेतल्याची तारीख, टेपची दोन अंतरं, शेताचा गट नंबर. जागा कुणी दाखवली तिचं नाव आणि वय. दगडावर काही कोरलेलं असेल तर जसं आहे तसं उतरवा, चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. दगड घासू नका, चुना-तेल लावू नका. अक्षर दिसत नसेल तर सकाळी लवकर किंवा सांजेला उन्हाची तिरीप पडते तेव्हा बघा, बारीक कोरीवही सावलीनं उठून दिसतं.

माहेरचं नाव लिहायचं म्हटलं, त्याचं कारण आहे. आपल्याकडे वंशावळ सांगणारे लोक होते आणि आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात, त्यांच्या वह्यांत पिढ्या लिहिलेल्या असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आहेत. त्यांचा फार उपयोग होतो. पण वंशावळीचा धागा बापाकडून लेकाकडं जातो. आईची आई कोण, तिची आई कुठल्या गावची, हे त्या धाग्याला लागत नाही. ते बायकाच बायकांना सांगत आल्या. ते लिहायचं तर आपणच लिहायला हवं.

लांब गेलेल्या माणसांना अशी नोंद किती मोलाची असते, हे कोकणात बघायला मिळतं. रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं गावावरून पडली. इस्रायल देश झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडं गेले, थडगी इथं राहिली. अलिबागजवळ नवगावला त्यांची फार जुनी दफनभूमी आहे. पहिले पूर्वज गलबत फुटून त्या किनाऱ्याला लागले आणि बुडालेल्यांना तिथं पुरलं, असं ते परंपरेनं सांगतात. पुढच्या काळातल्या कितीतरी दगडांवर हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही लिपी आहेत. आता त्यांचे नातू-पणतू पाहुणे म्हणून येतात. हातात आडनाव असतं, त्यावरून गाव सापडतं, पण गावात आजोबाचं थडगं दाखवणारं कुणी उरलेलं नसतं. कुणी दोन आकडे लिहून ठेवले असते तर?

ज्यांच्या घरातलं माणूस लढाईत परदेशी गेलं आणि आलंच नाही, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, पुणे इथून दोन्ही महायुद्धांत हजारो माणसं गेली. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मेलेल्या सैनिकाचं नाव फुकट शोधता येतं. दफनभूमीचं नाव, ओळ, थडग्याचा क्रमांक आणि त्या दफनभूमीचे आकडेही तिथं मिळतात. नाव इंग्रजीत आणि साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून दोन-चार प्रकारे लिहून बघा. थडगं सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका. पुष्कळ हिंदू सैनिकांचं दहन झालं, पुष्कळांची जागा कळलीच नाही, त्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर आहेत. रायगडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, विशेषतः ज्यांची शेती किंवा वहिवाट वनजमिनीवर आहे त्यांच्यासाठी. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. त्यातल्या तेराव्या नियमात दाव्याला कुठकुठले पुरावे चालतात याची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच. पण त्याच यादीत असंही आहे की विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक जागा पुरावा म्हणून चालतात. घराण्याची वंशावळ चालते, जर ती जुन्या जमीन नोंदीतल्या माणसापर्यंत किंवा गावच्या जुन्या मान्य रहिवाशापर्यंत पोहोचत असेल. आणि दावा करणारा सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं चालतं.

आता आपली वही आठवा. आज्याचं थडगं, त्याचे आकडे आणि फोटो, हा एक पुरावा. कुणाचा कोण ते लिहिलंय, ती वंशावळ. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या मावशीनं दाखवलेली जागा आणि तिचं सांगणं अंगठ्यासह लिहून घेतलं, तर तो तिसरा. नियम असं म्हणतो की दावा ठरवताना एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे. एका दिवसाच्या पायपिटीत तीन पुरावे हाताला लागतात. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पंचाहत्तर वर्षांचा कागद गरिबाच्या घरात कुठला असणार? पण पंचाहत्तर वर्षांपूर्वी माणसं मरत होतीच आणि त्यांना तिथंच पुरत होते. गडचिरोलीतल्या माडिया गावांत तर मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड उभा करतात. जिथं दगड उभे आहेत तिथं माणसं किती पिढ्या राहिली, हे वेगळं सांगायला नको.

यात फोनच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, तीत म्हटलंय की उपग्रहाची चित्रं आणि असलं तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही. दोन्ही बाजूंनी याचा अर्थ लागतो. "उपग्रहाच्या चित्रात इथं काही दिसत नाही, म्हणून दावा नाही," असं नुसतं म्हणून चालणार नाही. आणि आपणही नुसते आकडे नेऊन टेबलावर ठेवले तर पुरेसं होणार नाही, त्याच्याबरोबर जाणत्या माणसाचं सांगणं हवं. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात. त्यांतल्या कुणी हा कार्यक्रम ऐकत असतील तर समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. दावा मंजूर झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, हेही तिथं सांगा. घरच्या पुरुषांना कधी कधी तेवढंच आठवत नाही.

एक सावधगिरी. हे आकडे गावच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, फेसबुकवर तर नाहीच. जुनी समाधी दिसली की गुप्तधनाच्या नादानं रात्री खणणारे लोक अजून आहेत. एक प्रत घरात, एक माहेरी नाहीतर भावकीतल्या विश्वासू माणसाकडं, एवढं पुरे. रस्ता, कालवा, बंधारा यांचं काम निघणार असं कानावर आलं तर मात्र वही घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा आणि जागेची नोंद ठरावात घ्यायला लावा. काम सुरू झाल्यावर जेसीबीपुढं आडवं पडण्यापेक्षा ते सोपं आहे. आणि फोन जमिनीखालचं काही दाखवत नाही, म्हणून खात्री करायला कुणी कुदळ मारू नये.

हे काम उन्हाळ्यात करा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गवत वाळलेलं असतं, पानगळीमुळं आकाश मोकळं मिळतं, तलावाचं पाणी उतरलेलं असतं आणि सुगी आटोपलेली असते. सकाळी आठच्या आत निघा, म्हातारीला ऊन सोसत नाही. टेप गवंड्याकडून मागून घ्या, तीस मीटरची. दोन फोन न्या, दोघांचे आकडे घेऊन ताडून बघा, आणि जमलं तर आठवड्यानं पुन्हा एकदा घ्या. पुढच्या बुधवारी याच वेळेला आपण वंशावळीचा कागद कसा आखायचा ते बघू. तोवर प्रत्येकीनं आपल्या आईची आई, तिची आई आणि त्यांची गावं एवढं विचारून ठेवा.